मिस्त्रीच्या फेरीचा हिशेब

गोंदिया जिल्ह्यातल्या आपल्या प्रतापगडात नळाचा वॉशर बदलायचा झाला तर वॉशर दहा रुपयांचा आणि मिस्त्रीची फेरी दोन-अडीचशेची. माणूस अर्जुनी मोरगावहून किंवा नवेगावबांधहून येतो, त्याचे पेट्रोल जाते, अर्धा दिवस मोडतो. त्याने त्याचे पैसे मागितले तर त्यात गैर काही नाही. शहरात वस्तूचा भाव विचारला की खर्चाचा अंदाज येतो. आपल्याकडे आधी फेरीचा विचार करावा लागतो. हे काम घरी होईल का? नसेल तर त्याच फेरीत घरातले आणखी काय उरकेल? शेजारी कोणाचे काही अडले आहे का? बिल कमी करण्याचा याहून खात्रीचा मार्ग मला दिसत नाही. पुढे दिलेले दर साधारण बाजारभाव आहेत. कंपनी, आकार आणि हंगामाप्रमाणे ते वरखाली होतात, तेव्हा बोलणी करण्यापुरताच त्यांचा आधार घ्यावा.

गळका नळ

सेकंदाला एक थेंब गळणारा नळ दिवसाला वीस-पंचवीस लिटर पाणी घालवतो. खरे वाटत नसेल तर रात्री झोपताना नळाखाली बादली ठेवा आणि सकाळी बघा. 2019 साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये माणशी दिवसाला 55 लिटर पाणी धरलेले आहे. म्हणजे एक गळका नळ घरातल्या एका माणसाचे जवळजवळ निम्मे पाणी पितो.

जुन्या पद्धतीचा, चार-पाच वेळा फिरवून बंद होणारा नळ असेल तर दुरुस्ती घरी होते. टाकीकडून येणारा व्हॉल्व्ह बंद करा, नळाचा वरचा भाग पान्याने सोडवा, खालचा झिजलेला वॉशर काढून तो घेऊनच दुकानात जा. नमुना हातात असला की चुकीचा माल येत नाही आणि दुसरी खेप वाचते. अर्ध्या फेरीत बंद होणाऱ्या नव्या नळात वॉशर नसतो, आतला स्पिंडल अख्खा बदलतात. तो शंभर ते अडीचशेत मिळतो. नळ भिंतीच्या जोडाशी पाझरत असेल तर वीस-तीस रुपयांची टेफलॉन टेप पुरते. आट्यांचे तोंड आपल्याकडे धरून टेप घड्याळाच्या काट्याच्या दिशेने आठ-दहा वेढे ताणून गुंडाळायची. उलटी गुंडाळली तर नळ बसवताना ती सुटून बाहेर येते आणि पाझर तसाच राहतो.

टाकी भरून वाहत असेल तर दोष बहुधा फ्लोटचा, म्हणजे बॉलकॉकचा. दीडशे ते चारशेचा नवा बॉलकॉक बसवणे हे मिस्त्रीचे पंधरा मिनिटांचे काम आहे. एवढ्याचसाठी त्याला बोलावू नका, दुसऱ्या कामाला जोडा.

पाइप फुटला तर

उघड्यावरचे पांढरे किंवा करडे पीव्हीसी पाइप आपल्या उन्हात काही वर्षांत कडक होतात आणि जरा धक्का लागला की तडकतात. छतावरच्या पाइपला रंगाचा एक हात दिला किंवा त्यावर पोते गुंडाळले तरी त्याचे आयुष्य वाढते. विकत घेताना पाइपवर छापलेला आयएस क्रमांक वाचा. पिण्याच्या पाण्याच्या यूपीव्हीसी पाइपवर आयएस 4985 आणि गरम-थंड दोन्हीला चालणाऱ्या सीपीव्हीसीवर आयएस 15778 असतो. गिझरच्या लाइनला साधा पीव्हीसी लावून पैसे वाचवू नयेत. तो गरम पाण्याने मऊ पडतो आणि जोड सुटतात.

फुटलेला तुकडा कापून दोन कपलर आणि मध्ये नवा तुकडा, एवढेच हे काम. सोल्यूशनसह सामान दोनशेच्या आसपास जाते आणि मजुरी तीनशे ते पाचशे. भिंत फोडावी लागली तर फोडणे आणि पुन्हा प्लास्टर करणे यांचे पैसे वेगळे, आणि प्लास्टर कोण करणार हे आधीच बोलून घ्यावे. बरेचसे वाद इथेच होतात: प्लंबर भोक पाडून जातो आणि गवंडी वेगळा शोधावा लागतो. जोड लावल्यावर सोल्यूशनच्या डब्यावर लिहिलेला वेळ जाईपर्यंत पाणी सोडू नका, घाईने सोडलेला जोड महिन्याभरात पुन्हा गळतो.

गळती रस्त्यावरच्या मुख्य लाइनला असेल तर ते काम ग्रामपंचायतीचे आहे. लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. आणि कळकळीने सांगतो, नळाच्या लाइनला थेट मोटार लावू नका. मोटार ओढायला लागली की लाइनमध्ये पोकळी होते आणि जिथे चीर असेल तिथून नालीचे घाण पाणी आत शिरते. ते सगळ्या वस्तीच्या हंड्यात जाते.

मोटार सुरू होत नाही

मोटार नुसती घूं करते आणि फिरत नाही, असे झाले की लगेच जळाली असे समजू नये. अनेकदा कपॅसिटर गेलेला असतो आणि तो दोनशे-तीनशेत येतो. तो बदलायला मात्र जाणता माणूसच लागतो, कारण लाइन बंद केली तरी कपॅसिटरमध्ये भार शिल्लक राहू शकतो. व्होल्टेज 180 च्या खाली असेल तर मोटार लावूच नये. कमी व्होल्टेजवर ती जास्त करंट ओढते आणि वायंडिंग तापते. एक एचपीच्या साध्या मोटारीचे वायंडिंग दीड ते तीन हजारांत होते, सबमर्सिबलचे त्याहून महाग. देण्यापूर्वी तार तांब्याची की ॲल्युमिनियमची ते विचारा आणि बिलावर लिहून घ्या. सबमर्सिबल बोअरमधून काढण्या-टाकण्याची मजुरी वेगळी पडते, ती खोलीवर ठरते.

रोवणीच्या दिवसांत दुरुस्तीवाल्यांकडे शेतीपंपांची रांग लागते. घरची मोटार कुरकुरत असेल तर त्याआधीच दाखवून टाकावी.

कूलर

आपल्या भागात उन्हाळा कूलरवर निघतो, आणि ते योग्यच आहे. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत कूलर खरोखर थंड करतो. जूनमध्ये हवेत ओल आली की त्याचा जोर संपतो, तेव्हा ताट्या बदलून काही होत नाही. पंप बंद ठेवून नुसता पंखा चालवावा आणि खिडकी उघडी ठेवावी.

वुडवूलच्या तीन ताट्या तीनशे ते सहाशेत येतात, वाळ्याच्या त्याहून महाग. पंप अडीचशे-चारशे, पंख्याच्या मोटारीचे वायंडिंग पाचशे-नऊशे. महाशिवरात्रीची यात्रा उतरली की ऊन चढायला लागते. तो आठवडा कूलर उतरवून तपासण्याचा. होळीनंतर सगळ्यांनाच एकदम कारागीर हवा असतो आणि भाव चढतो. चार-पाच घरांनी मिळून एकाच दिवशी त्याला बोलावले तर फेरीचे पैसे वाटले जातात.

या सगळ्यात एक खर्च मी कधीच टाळू देणार नाही, तो अर्थिंगचा. लोखंडी पत्र्याचा कूलर, खाली ओली फरशी, अनवाणी पाय आणि पाणी ओतणारे लेकरू. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसे दगावतात. पाणी भरण्याआधी बटण बंद करून पिनच काढायची, हा नियम घरातल्या लहानाला पण पाठ हवा. तीन पिनांचा प्लग आहे म्हणून अर्थिंग आहे असे होत नाही. जुन्या घरांत तिसऱ्या भोकामागे कित्येकदा तारच नसते. वायरमनला टेस्ट-लॅम्प फेज आणि अर्थिंगमध्ये लावून दाखवायला सांगा. दिवा नीट पेटला नाही तर अर्थिंग कच्ची आहे. नवा अर्थिंगचा खड्डा दोन ते चार हजारांत होतो आणि 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी दीड-अडीच हजारांत. करंट गळू लागला की तो क्षणात लाइन तोडतो. नव्या कूलरचा विचार पुढच्या वर्षी केला तरी चालेल, हे काम या वर्षी करा.

कूलरची टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून घासायची. डेंग्यूच्या डासाची अंड्यापासून उडण्यापर्यंतची वाढ साधारण आठ-दहा दिवसांत होते, आणि अंडी टाकीच्या कडांना चिकटलेली असतात. नुसते पाणी बदलून ती जात नाहीत.

एसी घ्यायचा असेल तर

22 सप्टेंबर 2025 पासून एसीवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 टक्के झाला. पण गावात किमतीपेक्षा वीज महत्त्वाची. दोनशे वॉटचा कूलर दहा तासांत दोन युनिट घेतो. दीड टनाचा चांगला एसी भर उन्हाळ्यात तेवढ्याच वेळात आठ-दहा युनिट घेऊ शकतो, म्हणजे महिन्याला अडीचशे-तीनशे युनिट. महावितरणचा घरगुती दर 100 युनिटांनंतर बराच वाढतो आणि 300 नंतर आणखी, म्हणून एसीचे युनिट महागड्या टप्प्यात पडतात. एसी 24 अंशांवर ठेवा. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या हिशेबाने एक अंश वर नेला की सुमारे सहा टक्के वीज वाचते. व्होल्टेज पडत असेल तर स्टॅबिलायझर धरूनच बजेट करा आणि मंजूर भार पुरेसा आहे का ते बिलावर पाहा.

फिटिंगचे ठरवताना तांब्याच्या पाइपचा फुटाचा दर, किती फूट फुकट, स्टँड आणि वायर कोणाची, हे लिहून घ्या. साध्या धुलाईच्या सर्व्हिसला पाचशे-आठशे लागतात; जाळी मात्र पंधरा दिवसांनी घरीच नळाखाली धुवावी.

“गॅस दरवर्षी भरावा लागतो” असे कोणी म्हणाले तर मान्य करू नका. गॅस बंद नळ्यांत फिरतो, तो वापरून संपत नाही. कमी झाला तर कुठेतरी गळतो आहे, बहुधा पितळी नटाच्या जोडाशी. गळती शोधून बुजवल्याशिवाय अडीच-चार हजारांचा गॅस भरणे म्हणजे तो पुन्हा हवेत सोडणे. साबणाचा फेस लावून गळती समोर दाखवायला सांगा, आणि गॅस वजनकाट्यावर मोजून भरायला सांगा. किती भरायचा ते बाहेरच्या युनिटच्या पट्टीवर ग्रॅममध्ये छापलेले असते.

बिल आणि तक्रार

काम सुरू होण्याआधी तीन आकडे वेगळे विचारा: फेरीचे किती, मजुरी किती, सामान किती. बदललेला जुना भाग परत मागा. सेवेची वार्षिक उलाढाल 20 लाखांच्या आत असलेल्या कारागिराला जीएसटी नोंदणीची सक्ती नाही, आणि नोंदणी नसलेल्याला जीएसटी आकारता येत नाही. तेव्हा बिलावर जीएसटी लावला असेल तर पंधरा अक्षरांचा जीएसटी क्रमांक आहे ना, ते पाहा. साध्या कागदावर तारीख, काम, रक्कम आणि किती दिवसांची हमी एवढे लिहून सही घेतली तरी पुरावा होतो.

हमीतली वस्तू बदलून मिळत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर मराठीतही तक्रार नोंदवता येते. तिथे सुटले नाही तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क लागत नाही, वकील सक्तीचा नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो आणि त्याला बिलाची प्रत जोडावी लागते.