ग्रामदप्तरात पणजोबांचा शोध

राजेरजवाड्यांची चरित्रे बखरींनी जपली. नांगर धरणाऱ्या सामान्य माणसाचे चरित्र कोणी लिहिले नाही. तथापि सारा वसूल करताना, जन्म-मृत्यू नोंदविताना आणि मुलाचे नाव शाळेत दाखल करताना शासनाने त्याची दखल घेतली. तालुक्याच्या अभिलेख कक्षात बासनांत बांधलेले हे कागद म्हणजे त्याचे विखुरलेले चरित्रच होय.

ज्ञाताकडून अज्ञाताकडे

शोधाचा आरंभ स्वतःपासून करावा व एकेक पिढी मागे जावे. वडिलांचा शाळेचा दाखला प्रथम पाहावा. वडीलधाऱ्यांकडून मूळ गाव, वाडी व जुने आडनाव विचारून घ्यावे. शाळेच्या जनरल रजिस्टरातील जन्मतारीख पुष्कळदा गुरुजींनी अंदाजाने लिहिलेली असते. ती गावच्या जन्म-मृत्यू नोंदवहीशी, म्हणजे कोतवाल बुकाशी, ताडून पाहावी. आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याच्या प्रथेमुळे एकाच नावाच्या दोन व्यक्तींची गल्लत होते. म्हणून नाव, वडिलांचे नाव आणि जमिनीचा क्रमांक ही तिन्ही जुळल्याखेरीज निष्कर्ष काढू नये.

फेरफाराची साक्ष

मुंबई इलाख्यात १९०३ च्या कायद्याने हक्कनोंदणीचा पाया घातला गेला. तिच्यातील फेरफार नोंदवही सर्वांत बोलकी आहे. एका नोंदीत खातेदार मयत होऊन वारस लागतात, दुसरीत शेत सावकाराकडे गहाण पडते, तिसरीत भावांची वाटणी होते. १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनानंतरच्या नोंदींत कालचे कूळ जमिनीचे मालक झालेले दिसते. एरवी कागदावर क्वचितच येणारी पणजी बहुधा पतीच्या निधनानंतरच, वारस म्हणून, प्रथम भेटते.

कोतवाल बुकातील मृत्यूच्या नोंदी हृदयद्रावक आहेत. १९१८ च्या इन्फ्ल्युएंझाने मुंबई इलाख्यात सुमारे दहा लाख माणसे दगावली. त्या वर्षाच्या पानांवर पणजोबांच्या घरचे कोण गेले, हे शोधता येते.

लिपी आणि कालगणना

जुन्या नोंदी मोडीत आहेत. मराठवाड्यात निजाम राजवटीतील अनेक कागद उर्दूत आहेत. शकात ७८ व दक्षिणेकडील फसली सनात ५९० मिळविले की इसवी सन साधारणतः मिळतो. अक्षर लागत नसेल तर जाणकाराकडून वाचून घ्यावे. तर्काने वाचू नये.

आपले कर्तव्य

हा केवळ हौसेचा विषय नाही. इतर मागासवर्गाच्या जात पडताळणीत १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीच्या पुराव्याला महत्त्व आहे. पणजोबांची एक ओळ सापडली तर मुलाचा महाविद्यालयीन प्रवेश निश्चित होतो. ते पान वाळवीने खाल्ले असेल तर कुटुंबाला वर्षानुवर्षे हेलपाटे घालावे लागतात. मूळ नोंदीत नंतर केलेली खाडाखोड तर पुराव्यावरचा विश्वासच नष्ट करते.

यास्तव शिक्षकांनी जुनी रजिस्टरे रद्दीत जाऊ देऊ नयेत, पंचायत सदस्यांनी दप्तराच्या खोलीचे छत गळत नाही ना हे पावसाळ्यापूर्वी पाहावे आणि अधिकाऱ्यांनी संगणकीय प्रत तयार झाल्यावरही मूळ कागद जपावा. ज्याच्याजवळ दुसरा वारसा नाही, त्याचा वारसा या बासनांतच आहे.