चिखलणीनंतर ट्रॅक्टरच्या मागच्या चेंबरचे ऑइल बघा

भाताची चिखलणी उरकली की ट्रॅक्टर धुऊन लावून टाकू नका. आधी मागच्या चेंबरची डिपस्टिक काढून बघा. ऑइल ताकासारखे पांढरट दिसले, तर आत पाणी गेले आहे. मग पुस्तकातले तास भरायची वाट बघू नका, लगेच बदला. पाणी मिसळलेले ऑइल बेअरिंग आणि गिअर खाते. आज ऑइलचा खर्च टाळला, तर उद्या एक्सल उघडावा लागेल.

बदलताना:
१) ट्रॅक्टर थोडा चालवा, ऑइल कोमट होऊ द्या. मग सपाट जागी उभा करा. इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, चाकांना दगड.
२) आधी वरचा भरायचा प्लग सैल होतो का बघा, मगच खालचा ड्रेन प्लग खोला.
३) प्लगच्या चुंबकावर बारीक काळा लगदा असतोच. धातूचे तुकडे दिसले, तर मेकॅनिकला दाखवा.
४) ब्रीदर साफ करा. तो चिखलाने बुजला, तर दाबाने सीलमधून ऑइल गळते.
५) प्लगचा वायसर नवा टाका. ऑइल डिपस्टिकच्या खुणेपर्यंतच भरा.

⚠️ ऑइलचा ग्रेड पुस्तकात दिलेलाच घ्या. ऑइल ब्रेकच्या बऱ्याच ट्रॅक्टरमध्ये ब्रेक आणि हायड्रॉलिकही याच ऑइलवर चालतात. दुकानदार म्हणाला म्हणून साधे ९० नंबर टाकू नका.

जुने ऑइल ओढ्यात किंवा बांधावर ओतू नका. कॅनमध्ये साठवून जुने ऑइल घेणाऱ्या परवानाधारकाकडे द्या.