अपत्यशोकाची तीन रूपे

मुलांनी आईबापांना अखेरचा निरोप द्यावा, हा सृष्टीचा क्रम होय. तो उलटला, म्हणजे घरावर जी अवकळा येते ती सांगण्यास रोजची भाषा अपुरी पडते. निरनिराळ्या प्रांतांतील व देशांतील कवींनी हे दुःख शब्दांत मांडले आहे; परंतु प्रत्येकाची वाट निराळी आहे.

गोविंदाग्रज, म्हणजे राम गणेश गडकरी (१८८५–१९१९), यांच्या ‘राजहंस माझा निजला’ या कवितेत एका आईचा शोक आहे. मूल गेले, हे ती मान्यच करीत नाही. ते निजले आहे. कोणी त्याची झोप मोडू नये, एवढेच तिचे मागणे. भोवतालच्या लोकांना व वाचकालाही सत्य ठाऊक असते. त्यामुळे आक्रोशापेक्षा तिची ही भाबडी समजूतच अधिक करुण वाटते.

हिंदी कवी सूर्यकांत त्रिपाठी ‘निराला’ यांचा शोक प्रत्यक्ष स्वतःचा आहे. १९३५ साली त्यांची तरुण कन्या सरोज वारली. त्याच वर्षी त्यांनी ‘सरोज-स्मृति’ हे दीर्घ काव्य लिहिले. मातृहीन लेकीचे बालपण, थाटमाट टाळून केलेला तिचा विवाह, आईच्या जागी राहून आपणच तिला केलेला उपदेश, असे एकेक प्रसंग त्यांना आठवतात. लेकीसाठी आपल्या हातून काही झाले नाही, हा सल त्या आठवणींत मिसळला आहे. शेवटी ते आपल्या कर्मांचे पुण्य अर्पून तिचे तर्पण करतात. बापाने लेकीचे तर्पण करावे, यातच सारे दुःख साठले आहे.

जपानी कवी कोबायाशी इस्सा (१७६३–१८२८) यांची चिमुकली सातो १८१९ साली देवीच्या रोगाने दगावली. त्यांनी आपला शोक सतरा अक्षरांच्या हायकूत सांगितला. जग दवबिंदूसारखे क्षणभंगुर आहे, ही बौद्ध शिकवण त्यांना मान्य आहे. तरीही मन समजत नाही, एवढे सुचवून ते थांबतात.

आई सत्य नाकारते. एक पिता स्वतःस दोष देतो. दुसरा सत्य स्वीकारूनही व्याकुळच राहतो. निरालांना आठवणींसाठी विस्तार हवा होता, इस्सांना एक उद्गार पुरला. म्हणून कवितेच्या लांबीवरून शोकाची खोली मोजू नये. कवी काय बोलतो याबरोबरच तो कोठे थांबतो, हेही पाहावे.

स्वाध्याय
१. आईच्या समजुतीमुळे कवितेतील करुणा का वाढते?
२. निराला व इस्सा यांच्या शोकातील साम्य व भेद सांगा.
३. ‘सृष्टीचा क्रम उलटला’ या शब्दांचा अर्थ पाठाच्या आधारे स्पष्ट करा.