आपल्या बेताची वाट

अमेरिकेतील यूटा राज्यात मोॲब नावाचे एक लहानसे गाव आहे. गावाभोवती वाळवंट आहे. परंतु ते आपल्या कल्पनेतील वाळूच्या टेकड्यांचे वाळवंट नव्हे. तेथे कोसच्या कोस तांबूस वालुकाश्माचे उघडे खडक पसरलेले आहेत. नाल मारलेल्या घोड्यांचे पाय या खडकावरून घसरत, म्हणून त्याला ‘निसरडा खडक’ असे नाव पडले. गंमत अशी, की घोड्याला दाद न देणारा हा खडक सायकलीच्या रबरी चाकाला मात्र घट्ट धरून ठेवतो. १९६९ साली या खडकावर मोटारसायकलींसाठी एक वाट आखण्यात आली. पुढे डोंगरात चालविण्याच्या जाड चाकांच्या सायकली निघाल्या आणि हीच वाट सायकलस्वारांमध्ये जगप्रसिद्ध झाली.

ही वाट सुमारे सोळा-सतरा किलोमीटर लांबीची आहे. खडकावर पाऊलवाट उमटत नाही. म्हणून पांढऱ्या रंगाचे पट्टे ओढून तिची दिशा दाखविली आहे. वाटेच्या आरंभीच साडेतीन-चार किलोमीटरचा एक लहान फेरा सरावासाठी ठेवलेला आहे. तो लहान आहे म्हणून सोपाही असेल, असे नवख्या माणसाला वाटते. पण तसे नाही. पुढील मोठ्या वाटेवर जसे चढ आणि उतार आहेत, तसेच या लहान फेऱ्यातही आहेत. पुढे जावे की येथूनच परत फिरावे, हे स्वाराला गाव जवळ असतानाच कळावे, एवढाच त्याचा उपयोग. वाळवंटात सावली नसते व पाणी मिळत नाही. दहा किलोमीटर आत गेल्यावर आपली चूक कळून फारसा लाभ होत नाही.

डोंगरी सायकलींच्या वाटांना तिकडे खुणा लावण्याची पद्धत आहे. हिरवे वर्तुळ म्हणजे सोपी वाट, निळा चौरस म्हणजे मध्यम, आणि काळी चौकट, म्हणजे पत्त्यांतील चौकटीच्या आकाराची खूण, ही अवघड वाट. बर्फावरून घसरत जाण्याच्या खेळातून या खुणा सायकलस्वारांनी उचलल्या. त्यांच्यामागे मोजमाप आहे. हिरव्या वाटेची रुंदी निदान तीन फूट असावी, तिच्यावर टाळता न येणारा अडथळा दोन इंचांहून उंच नसावा आणि सरासरी चढ शेकडा पाचांहून अधिक नसावा. म्हणजे शंभर फूट पुढे गेल्यावर पाच फूटच वर चढावे लागावे. निळ्या वाटेची रुंदी दोन फुटांपर्यंत उतरते, अडथळा आठ इंचांपर्यंत वाढतो. घरच्या जिन्याची पायरी सहा-सात इंचांची असते, हे लक्षात घेतले म्हणजे आठ इंच म्हणजे काय ते कळेल. काळ्या वाटेवर तर एक फूट रुंदी आणि पंधरा इंच उंचीचा दगड, असाही प्रसंग येतो.

आपल्याकडील वाटांवर अशा खुणा सहसा आढळत नाहीत. त्या ज्याच्या त्याने मनाशीच लावावयाच्या असतात, आणि तेथेच खरी अडचण आहे.

वसई रोड स्थानकाच्या पूर्वेस एव्हरशाईन सिटी ही मोठी वसाहत आहे. तेथील सातवीतल्या एका मुलाला दिवाळीत गिअरची सायकल मिळाली. मोॲबच्या खडकांवरून धडाधड उतरणाऱ्या सायकलस्वारांची चित्रे त्याने पाहिली होती. इमारतीच्या गच्चीवरून पूर्वेकडे तुंगारेश्वराचे डोंगर दिसत. आपले मोॲब तेच, असे त्याने ठरवून टाकले. वर्गातील दोन मित्र येत्या रविवारी तिकडे निघालेच होते. ‘येणार ना? की भ्यालास?’ असे त्यांनी सर्वांदेखत विचारल्यामुळे आता मागे सरणे त्याला शक्य नव्हते.

त्याचे आजोबा पोस्टमन होते. आगाशी-अर्नाळ्याच्या बाजूला त्यांनी सायकलीवरून पुष्कळ वर्षे टपाल वाटले होते. त्यांनी नातवाला नको म्हटले नाही. त्यांनी विचारले, “वाट केवढी आहे?”

“जवळच आहे, आजोबा. वसईच्या किल्ल्याला जायला लागतं तेवढंच अंतर.”

“अंतर कोणीही सांगेल, बाळ. त्या वाटेवरची सर्वांत वाईट जागा कोणती, ते मला सांग.”

मुलाला उत्तर देता येईना. तेव्हा आजोबांनी त्याला कागद आणावयास सांगितले आणि दोन्ही वाटा शेजारी शेजारी लिहविल्या.

किल्ल्याची वाट पश्चिमेकडे जाते. तिच्यावरील सर्वांत वाईट जागा म्हणजे रेल्वेमार्गावरचा उड्डाणपूल. तेथे चढ आहे, आणि बसगाड्या व रिक्षा अंगावरून जातात. मात्र रविवारी भल्या पहाटे वर्दळ थोडी असते, आणि तरीही धीर झाला नाही तर उतरून कडेने सायकल ढकलीत नेता येते. पूल ओलांडला की पुढे पापडीवरून वसई गावापर्यंत सपाट प्रदेश आहे. किल्ल्याच्या आत मातीच्या वाटा, झाडांची मुळे आणि सुटे दगड आहेत. सराव करण्यास तेवढे पुरेसे आहे. हा किल्ला पोर्तुगिजांकडून घेण्यासाठी मराठ्यांना १७३७ पासून १७३९ पर्यंत मोहीम चालवावी लागली आणि अखेरच्या वेढ्यात चिमाजी आप्पांचे कितीतरी लोक कामी आले. आज त्याच्या भुईदरवाजापर्यंत एखादा मुलगा न्याहारीपूर्वी जाऊन परत येऊ शकतो!

तुंगारेश्वराच्या वाटेचे तसे नाही. तिच्यावरील पहिली वाईट जागा डोंगर सुरू होण्याच्या आधीच लागते. ती म्हणजे मुंबई-अहमदाबाद राष्ट्रीय महामार्ग. तेथे अवजड मालमोटारी अखंड धावत असतात. महामार्ग ओलांडून आत शिरल्यावर ओढे आडवे येतात. त्यांतील खडकांवर शेवाळ असते. पावसाळ्यात हे ओढे पाहता पाहता फुगतात, म्हणून त्या दिवसांत मुलांनी तेथे सायकल नेऊच नये. हे सारे जंगल २००३ पासून अभयारण्य आहे आणि त्यात बिबट्याचा वावर आहे. वनखात्याचे नियम पाळून दिवसाउजेडीच तेथून बाहेर पडावे लागते. आणि शेवटची वाईट जागा परतीच्या उतारावरची. जाताना ज्या चढावर दमछाक होते तोच येताना उतार होतो. पायाखाली सुटे दगड, आणि अंगातील जोर अर्धा संपलेला.

“चढ आपल्याला थांबवतो,” आजोबा म्हणाले. “उतार थांबवत नाही. तिथं आपण स्वतःच थांबावं लागतं.”

कागदाकडे पाहून मुलगा म्हणाला, “पण मला येतं थांबायला.”

“मग पाहू या.”

त्याच्या ताईने इमारतीच्या आवारात मोजपट्टी धरून खडूने रेषांच्या तीन जोड्या आखल्या. पहिल्या जोडीतील अंतर तीन फूट, दुसरीतील दोन फूट आणि तिसरीतील एक फूट. तीन फुटांतून तो सहज गेला. दोन फुटांतून जाताना दोनदा चाक बाहेर पडले. एक फुटाच्या पट्टीत तर सायकल सावकाश चालविताना दहा पावलेही नीट जाता आले नाही. नंतर ताईने एक आडवी रेषा ओढली आणि वेगात येऊन तिच्यावर थांबण्यास सांगितले. त्याने घाईने मागचाच ब्रेक दाबला. मागचे चाक फरफटत गेले आणि सायकल रेषेच्या हातभर पुढे जाऊन थांबली.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. सायकल थांबू लागली की स्वाराचा भार पुढे सरकतो. त्यामुळे पुढचे चाक जमिनीवर घट्ट दाबले जाते आणि मागचे हलके होते. हलके चाक लवकर घसरते. म्हणून थांबविण्याचे बरेचसे काम पुढचा ब्रेक करतो. पण तोच एकदम करकचून दाबला, विशेषतः उतारावर, तर मागचे चाक उचलले जाऊन स्वार तोंडघशी पडण्याचे भय असते; सुट्या दगडांवर पुढचे चाक घसरले तर तोल सावरणे फार कठीण. यासाठी बसक मागे सरकवून दोन्ही ब्रेक थोडे थोडे, दाबीत-सोडीत वापरावे लागतात. हे वाचून येत नाही. आवारात शंभर वेळा केल्यावर बोटांना येते.

त्या रविवारी मुलगा मित्रांबरोबर गेला नाही. सोमवारी वर्गात त्याला जे ऐकावे लागले ते त्याला लागले. त्या दिवशी तो घरी कोणाशी बोललाही नाही. पण संध्याकाळी तो खडूच्या रेषांपाशी होता.

पुढचे काही रविवार तो ताईबरोबर किल्ल्याला गेला. एकदा दोघे राजोडीच्या किनाऱ्यावर गेले. वाळवंटातील स्वारांना छळणारी मऊ वाळू तेथे त्याला भेटली. कोरड्या वाळूत पुढचे चाक रुतते, आणि हँडल वळवू जावे तर सायकल आडवी होते. ओहोटीनंतरची ओली वाळू मात्र रस्त्यासारखी टणक असते. हे शिकून घरी आल्यावर सायकल गोड्या पाण्याने धुवावी लागली. खाऱ्या पाण्याने साखळी गंजते. वाऱ्याचाही त्याला अनुभव आला. पावसाळा सोडला तर दुपारी वारा बहुधा समुद्राकडून येतो. म्हणून किनाऱ्यावरून घरी येणाऱ्याला तो पाठीमागून ढकलतो. डोंगरावरून घरी येणाऱ्याच्या मात्र नेमका तोंडावर बसतो. आजोबांच्या कागदावर ही एक ओळ वाढली.

जानेवारीत एका रविवारी त्याचे बाबा आणि तेच दोन मित्र, असे चौघे तुंगारेश्वराला निघाले. महामार्ग त्यांनी सायकली हाताने धरून, पायी ओलांडला. ओढ्यांत पाणी पावलापुरतेच होते. चढावर मुलाने हलका गिअर टाकून श्वास सांभाळला, आणि दोन ठिकाणी पुढे गेलेल्या मित्रांना गाठलेही. देवळापाशी पोहोचेपर्यंत बाटलीतील पाणी अर्ध्याच्या थोडे खाली आले होते. मित्रांना आणखी वर जावयाचे होते. मुलाने बाटली बाबांना दाखविली आणि सर्वांनी तेथूनच परतण्याचे ठरले.

उतारावर एका वळणाशी पावसाने वाट खणून काढली होती. दोन चरांच्या मध्ये जेमतेम एक फूट जमीन उरली होती, तीही गोट्यांनी भरलेली. दोघे मित्र ओरडत, पाय टेकवीत, कसेबसे खाली गेले. मुलाने दोन्ही ब्रेक हळूहळू दाबले. सायकल वळणाच्या अलीकडेच थांबली. तो उतरला, वीसएक पावले सायकल धरून चालला आणि जागा संपताच पुन्हा बसला.

खाली ओढ्याशी मित्र वाट पाहत होते. एकाच्या ढोपराला खरचटले होते. तो त्यावर पाणी मारीत होता.

“का रे, उतरलास का?” त्याने विचारले.

“तेवढी जागा काळ्या चौकटीची होती,” मुलगा म्हणाला. मग त्याने आपल्या बाटलीतील उरलेले पाणी मित्रापुढे केले.