‘गॅस’, ‘शुगर’ आणि ‘बीपी’ : शब्द डॉक्टरांचे, अर्थ आपला

दवाखान्यात येणारा रुग्ण आता दुखणे कमी सांगतो, दुखण्याचे इंग्रजी नाव आधी सांगतो. ‘डॉक्टरसाहेब, गॅस झालाय’, ‘मला बीपी आहे’, ‘माझी शुगर गेली’ ही वाक्ये मी हदगावात रोज ऐकतो. आसपासच्या खेड्यांतल्या आजीबाईंच्या तोंडीही हे शब्द रुळले आहेत. त्यात वावगे काही नाही. भाषा अशाच वाढत असतात. परंतु शब्द एका भाषेतून दुसरीत गेला की त्याचा अर्थही थोडा सरकतो. इतर बाबतीत त्याने फारसे बिघडत नाही. आजाराच्या बाबतीत मात्र ते जिवावर बेतू शकते.

मुळात इंग्रजीतही या शब्दांचे अर्थ स्थिर राहिलेले नाहीत. ‘मलेरिया’ हा शब्द इटालियन भाषेतून आला. त्याचा मूळ अर्थ ‘खराब हवा’. दलदलीच्या दूषित हवेने हा ताप येतो, अशी त्या काळी समजूत होती. पुढे २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात या तापाचे जंतू सापडले. आपला नांदेड जिल्हा त्या वेळी त्याच हैदराबाद संस्थानात होता. या शोधाबद्दल रॉस यांना १९०२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. हवेचा दोष नाही हे सिद्ध झाले, तरी नाव ‘खराब हवा’ असेच राहिले. आपला ‘हिवताप’ हा शब्द पाहा. हीव भरते आणि ताप येतो, एवढेच तो सांगतो. कारणाबद्दल काही बोलत नाही, म्हणून तो आजही खरा आहे.

‘शुगर’ची गोष्ट आणखी गमतीची आहे. हा शब्द मूळचा आपलाच. संस्कृतातली ‘शर्करा’ फारसी, अरबी, लॅटिन, फ्रेंच असा प्रवास करीत इंग्रजीत ‘शुगर’ झाली आणि आपल्याकडे परत आली ती आजाराचे नाव होऊन! डॉक्टर ‘शुगर’ म्हणतात तेव्हा त्यांना रक्तातल्या साखरेचे प्रमाण म्हणायचे असते. ते प्रत्येकाच्या रक्तात असते, असावेच लागते. उपाशीपोटी ते १२६ किंवा त्याहून जास्त भरले आणि पुन्हा तपासल्यावरही तसेच आले, तर मधुमेह आहे असे समजतात. औषधाने आकडा खाली आला की रुग्ण म्हणतो, ‘शुगर गेली’, आणि गोळ्या सोडतो. वास्तविक गेलेली असते ती वाढलेली साखर. मधुमेह बहुधा तिथेच असतो. गोळी सोडली की साखर पुन्हा चढते आणि डोळे, मूत्रपिंड व पायांच्या नसा हळूहळू निकामी करते.

‘बीपी’चेही तसेच. बीपी म्हणजे रक्ताचा दाब. तो प्रत्येक जिवंत माणसाला असतो. आपण मात्र ‘बीपी आहे’ म्हणजे दाब वाढलेला आहे असे म्हणतो. एवढ्यावर थांबले तर हरकत नाही. पण डोके दुखले, चक्कर आली की ‘बीपी वाढलाय’ असे ठरवून तेवढ्यापुरती गोळी घेणारे अनेक आहेत. वाढलेला रक्तदाब बहुतेक वेळा काहीच जाणवू देत नाही. तो यंत्रानेच कळतो. दाब वारंवार १४०/९० किंवा त्याहून अधिक भरत असेल, तर बरे वाटत असतानाही सांगितलेली गोळी रोज घ्यावी लागते. न जाणवणारा हाच दाब एखाद्या दिवशी लकवा घेऊन येतो.

सर्वांत घातक ठरतो तो ‘गॅस’. सतराव्या शतकात व्हॅन हेल्मोंट नावाच्या युरोपातील वैद्याने हा शब्द तयार केला. ग्रीक भाषेतल्या ‘केऑस’ म्हणजे गोंधळ या अर्थाच्या शब्दावरून तो त्याला सुचला. आपल्याकडे गॅस शेगडीत असतो, पोटात असतो आणि छातीत कळ आली तरी तो ‘गॅस’च असतो! खरा धोका इथेच आहे. हृदयविकाराचा झटका पुष्कळदा छातीवर दडपण, पोटाच्या वरच्या भागात दुखणे, मळमळ असाच सुरू होतो. सोबत दरदरून घाम, धाप, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ असू शकते. मधुमेह असलेल्यांत आणि स्त्रियांत कधी कधी दुखणे अगदी कमी असते. नुसता थकवा आणि धाप एवढेच जाणवते. घरचे लोक सोडा देतात, ओवा देतात, ‘उतरेल गॅस’ म्हणून सकाळची वाट पाहतात. झटक्यात रक्तवाहिनी बंद पडलेली असते आणि दर मिनिटाला हृदयाचा स्नायू मरत असतो. येथून नांदेड गाठायलाही वेळ लागतोच. त्यात घरी घालवलेले तास परत मिळत नाहीत. अशी लक्षणे दिसताच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा, जवळच्या रुग्णालयात जाऊन ईसीजी काढून घ्या. तो गॅसच निघाला तर आनंदच आहे.

डॉक्टरांकडे जाताना पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

१) आजाराचे नाव सांगू नका, त्रास सांगा. जळजळ, कळ, दडपण, ठणका, मुंग्या, घालमेल, धाप या प्रत्येक शब्दाचा अर्थ वेगळा आहे आणि डॉक्टरांना तो उपयोगी पडतो.

२) कुठे दुखते, केव्हापासून आणि चालल्याने, जेवल्याने किंवा झोपल्याने वाढते का, हे सांगा.

३) जुनी चिठ्ठी आणि चालू गोळ्यांची पाकिटे बरोबर न्या.

४) डॉक्टरांनी वापरलेला इंग्रजी शब्द कळला नाही तर ‘म्हणजे काय?’ असे विचारा. यात संकोच कसला? समजावून सांगणे हा उपचाराचाच भाग आहे.

आजाराला नाव देण्याचे काम डॉक्टरांवर सोपवावे. आपल्याला काय होते आहे ते मात्र आपल्याइतके नेमके दुसरे कोणी सांगू शकत नाही, आणि त्यासाठी आपली रोजची मराठी पुरेशी आहे.