हवामान कशानें घडतें?

शेतीचीं सर्व कामें हवामानावर अवलंबून आहेत, हें शेतकऱ्यास सांगावयास नको. परंतु एका मुलुखांत भात, दुसऱ्यांत ज्वारी व तिसऱ्यांत नुसती वाळू असें कां व्हावें, याचा विचार क्वचितच होतो. महसूल खात्यांत असतांना पाऊस व पैसेवारी यांचे तक्ते आम्हीं पुष्कळ वर्षें लिहिले. शेजारशेजारच्या मंडळांचे आंकडेहि एकमेकांशीं जुळत नसत. मग साऱ्या पृथ्वीचें हवामान एकसारखें नाहीं, यांत नवल तें काय? तथापि या भेदांस कारणें आहेत, आणि तीं समजलीं म्हणजे आपल्या शेतीस उपयोगीं पडतात.

पहिलें कारण सूर्य. किरण सरळ पडले तर जमीन अधिक तापते. तिरपे पडले तर तेंच ऊन अधिक जागेवर पसरून सौम्य होतें. म्हणून विषुववृत्ताजवळ उष्मा व ध्रुवांकडे बर्फ. पृथ्वीचा आंस साडेतेवीस अंशांनीं कललेला असल्यामुळें ऋतु होतात. परभणी विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारें सव्वाएकोणीस अंशांवर आहे. येथें १७-१८ मेच्या व २६ जुलैच्या सुमारास, असा वर्षांतून दोनदां, मध्यान्हीं सूर्य अगदीं डोक्यावर येतो व उभ्या काठीची सावली नाहींशी होते. मे महिन्यांत तेव्हां अंगाची लाही होते. जुलै महिन्यांत मात्र सूर्य तितकाच वर असूनहि ढगांमुळें हवा सुसह्य असते. अर्थात् एकटा सूर्य हवामान ठरवीत नाहीं.

याची खातरी पटण्यासाठीं आपल्याच अक्षांशाजवळचीं दुसरीं स्थळें पाहूं. मुंबई सुमारें एकोणीस अंशांवर आहे. तेथें मे महिन्यांत दुपारचा पारा सरासरीनें ३३ अंशांच्या आसपास असतो. आपल्याकडे तो ४१ च्या वर जातो. उलट हिवाळ्यांत परभणीस पहाटे पारा दहा अंशांच्या खालीं उतरतो, तर मुंबईस थंडी नांवापुरतीच. याचें कारण समुद्र. पाणी सावकाश तापतें व सावकाश निवतें. जमीन लवकर तापते व लवकर निवते. मुंबई समुद्रांत पाय टाकून बसली आहे. आपण त्यापासून सुमारें ४०० किलोमीटर आंत आहों.

आतां उंची पाहा. मेक्सिको देशाची राजधानी आपल्याच अक्षांशावर, परंतु २,२४० मीटर उंचीवर आहे. वर जावें तसतशी हवा दर हजार मीटरांस सुमारें साडेसहा अंशांनीं थंड होते. म्हणून तेथें ऐन उन्हाळ्यांतहि दुपारचा पारा सरासरीनें २६-२७ अंशांवरच राहतो.

तिसरें, समुद्रांतील प्रवाह. दक्षिण गोलार्धांत साडेअठरा अंशांवर, चिली देशांत, अरिका नांवाचें बंदर आहे. समुद्र अगदीं दारांत. परंतु किनाऱ्यालगत थंड पाण्याचा हम्बोल्ट प्रवाह वाहतो. त्यावरील हवा थंड व जड असल्यानें वर चढत नाहीं. परिणामीं तेथें वर्षाकांठीं सरासरीनें दोन मिलिमीटरहि पाऊस पडत नाहीं.

चौथें, वारे. आफ्रिकेंत आपल्याच रेषेवर सहारा वाळवंट पसरलें आहे. तेथें उंचावरील हवा खालीं उतरत असते. उतरतांना ती दाबानें तापते व ढग बनूं देत नाहीं. आपली दशाहि तशीच व्हावयाची. पण उन्हाळ्यांत हिंदुस्थानची भूमि तापली म्हणजे हिंदी महासागरावरील बाष्पयुक्त वारे विषुववृत्त ओलांडून नैर्ऋत्येकडून येतात. हाच मोसमी पाऊस. आपण वाळवंटांतून वांचलों तें या वाऱ्यांमुळें.

पांचवें व आपणांस सर्वांत जवळचें कारण डोंगर. हे वारे सह्याद्रीस अडून वर चढतात, निवतात व पाणी टाकतात. महाबळेश्वरास वर्षांत ५,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस होतो; पलीकडे सुमारें ३० किलोमीटरांवर वाईस तो हजाराच्याहि आंत असतो. घाट उतरलेली हवा पुन्हां तापते व कोरडी पडते. मग परभणीस सुमारें ९०० मिलिमीटर पाऊस कोठून येतो? त्यांतील मोठा वांटा बंगालच्या उपसागरावरून येणाऱ्या कमी दाबाच्या पट्ट्यांचा असतो. ते दक्षिणेच्या वाटेनें आले तर आपल्या शिवारांत पाणी. उत्तरेस वळले तर मधले पंधरा-वीस दिवस कोरडे.

यांत दूरच्या समुद्राचाहि हात असतो. पेरू देशाकडील प्रशांत महासागर नेहमीपेक्षां अधिक तापला म्हणजे त्यास एल निनो म्हणतात. १९७२, २००९ व २०१५ या एल निनोच्या सालीं पावसानें दगा दिला. १९९७ सालीं मात्र एल निनो प्रबळ असूनहि देशांत पाऊस सरासरीइतका झाला. म्हणून त्यास इशारा मानावें, निकाल मानूं नये. शिवाय पृथ्वीची हवा तापत चालली आहे, आणि एक अंश अधिक तापलेली हवा सुमारें सात टक्के अधिक बाष्प धरते. त्यामुळें पाऊस पडतो तेव्हां धो धो पडण्याचा संभव वाढला आहे. सप्टेंबर २०२५ मध्यें मराठवाड्यांत उभीं पिकें पाण्याखालीं गेलीं, हें वाचकांस ठाऊकच आहे.

या सर्वांचें तात्पर्य असें कीं, आपला पाऊस लांबून, डोंगर ओलांडून व दोन समुद्रांच्या मर्जीनें येतो. तो पंचांगाच्या तारखेस बांधलेला नाहीं. जूनच्या आरंभीं गडगडून पडणारा पाऊस पुष्कळदां स्थानिक उष्म्यानें झालेला वळीव असतो. त्यामागें समुद्राचा वारा असतोच असें नाहीं. त्याच्या भरंवशावर सोयाबीन वा कापूस पेरला व पुढें उघाड पडली, तर दुबार पेरणी कपाळीं येते. बियाणें, खत व कर्ज तिन्ही दुप्पट. यासाठीं ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमीन वीतभर ओलावल्यावांचून चाड्यावर मूठ धरूं नये. दुसऱ्या जिल्ह्यांत गाजलेलें बियाणें घेतांनाहि तेथील उंची, पाऊस व थंडी आपल्याशीं जुळते कीं नाहीं, हें आधीं विचारावें.

शेवटीं एक विनंति. प्रत्येक गांवीं निदान एका शेतकऱ्यानें पर्जन्यमापक ठेवून रोजचा पाऊस वहींत टिपावा. मंडळाचा आंकडा हा मंडळाचा असतो. आपल्या शिवाराचा आंकडा आपणच ठेवला पाहिजे. दहा वर्षांची अशी वही पेरणीच्या वेळीं कोणत्याहि ऐकीव सल्ल्याहून अधिक उपयोगी पडेल.