खारा वारा किती वाजता आला?

फेब्रुवारी सरता सरता हवामान खाते मार्च ते मे या तीन महिन्यांचा उन्हाळी अंदाज जाहीर करते. तो जरूर वाचावा, पण त्यावर पाण्याच्या पाळ्या ठरवू नयेत. त्या अंदाजात अख्खे कोकण असते आणि आपली वाडी असते आगाशीत, नाहीतर भाताण्यात. जिल्ह्याचा अंदाज घेतला तरी तीच गत. पालघर जिल्हा म्हणजे अर्नाळ्याच्या पुळणीपासून जव्हार-मोखाड्याच्या डोंगरापर्यंत सगळे एकाच रकान्यात. दुपारी भाताण्यात अंग भाजत असते, तेव्हा भुईगावात माडांच्या झावळ्या हलायला लागलेल्या असतात. म्हणून होळीपासून पुढे वसईच्या बागायतदाराने रोज एक गोष्ट बघावी: समुद्रावरचा वारा किती वाजता आला.

पहाटे जमीन गार असते, तेव्हा मतलई वारा तुंगारेश्वराच्या बाजूने समुद्राकडे वाहतो. ऊन चढले की जमीन तापते आणि दुपारच्या आत वारा उलटून खारा वारा सुरू होतो. पण या दिवसांत कधी कधी पूर्वेचा कोरडा वारा जोर धरतो, खाऱ्या वाऱ्याला दोन-तीन तास अडवून ठेवतो आणि तेवढ्या वेळात पारा भराभर चढतो. सांताक्रूझला मार्चचे सरासरी कमाल तापमान 33 अंशांच्या आसपास असते. तिथेच 28 मार्च 1956 रोजी 41.7 अंशांची नोंद झाली होती. किनाऱ्यासाठी उष्णतेच्या लाटेचा निकषही निराळा आहे. मैदानी भागात पारा किमान 40 अंशांवर जावा लागतो, आपल्याकडे 37 पुरतात. मात्र ते सरासरीपेक्षा निदान साडेचार अंशांनी जास्त हवेत. मोबाइलवर ‘जाणवणारे तापमान’ म्हणून जो आकडा दिसतो तो घाम येणाऱ्या माणसासाठी असतो. केळीला दमट हवा बरी वाटते, तिला जाळतो तो कोरडा वारा.

वारा वेळेवर फिरला तर नेहमीची पाळी चालू ठेवावी. दुपारचा एक वाजला आणि झावळी अजून हललेली नाही, तर त्या दिवशी फवारणीचा पंप बाहेर काढू नये, आणि ऊन कलल्यावर केळीला व पानवेलीला हलके पाणी द्यावे. पानवेलीच्या पूर्वेकडची बाजू जुन्या झावळ्यांनी किंवा शेडनेटने झाकली तर पाने करपण्याचे निम्मे दुखणे कमी होते. मोगऱ्याची गोष्ट उलटी. त्याला ऊन मानवते, फक्त मुळाशी ओल हवी आणि कळ्या उजाडायच्या आत खुडून दादरला निघायला हव्यात.

आता विहिरींचे. या पट्ट्यात उन्हाळ्याचा खरा घोर तापमानाचा नाही, पाण्याचा आहे. गास, निर्मळ, नंदाखाल, भुईगाव या बाजूला जमिनीखाली गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते, कारण ते हलके. ढोबळ हिशेब असा, की समुद्रसपाटीच्या वर 1 फूट गोडे पाणी असेल, तर खाली सुमारे 40 फूट गोड्या पाण्याचा थर असतो. हाच हिशेब उलटा केला की अंगावर काटा येतो: उपसा करून वरची पातळी 1 फुटाने कायमची उतरवली, तर खालचे खारे पाणी हळूहळू 40 फूट वर येऊ पाहते. मोठा पंप सलग पाच तास चालवून टाकी भरणे म्हणजे खाऱ्या पाण्याला बोलावणे. त्यापेक्षा लहान पंप, तास-दीड तासाचा उपसा आणि मध्ये विहिरीला दम घेऊ द्यावा. बावखले ज्यांनी बुजवली नाहीत, त्यांच्या विहिरी एप्रिलमध्ये जास्त दिवस साथ देतात. पावसाचे पाणी धरून जमिनीत मुरवण्याचे काम ती पिढ्यान्‌पिढ्या करत आली आहेत. बावखल बुजवून त्या जागेवर चार खोल्या बांधणाऱ्याने शेजाऱ्याची विहीरही बुजवली, असे माझे स्पष्ट मत आहे.

पाणी मचूळ झाल्याचे जिभेला कळण्याआधी केळीला कळते. जुन्या पानांच्या कडा तपकिरी होऊन आत आत वाळत जातात, मधली शीर मात्र हिरवी राहते. असे दिसले की पाण्याचा नमुना तपासून घ्यावा. कोसबाडच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा कृषी विभागाकडे विचारावे. तोवर पाण्याच्या पाळ्या लहान आणि जवळजवळ ठेवाव्यात, पाणी पानांवर उडवू नये, बुंध्याशी नारळाच्या सोडणांचे किंवा केळीच्याच वाळल्या पानांचे आच्छादन घालावे. पालाश द्यायचे तर म्युरेट ऑफ पोटॅशऐवजी सल्फेट ऑफ पोटॅश द्यावे, कारण म्युरेटमधून आणखी क्लोराइड जमिनीत जाते. नारळ हे सारे बऱ्यापैकी सोसतो, केळी सोसत नाही. शिवाय विषुवदिनाच्या आसपास, म्हणजे होळीच्या पौर्णिमेला आणि पाडव्याआधीच्या अमावस्येला, उधाणाची भरती मोठी असते. खाजणाच्या बांधाला लागून ज्यांची जमीन आहे त्यांनी उघाडीच्या फळ्या त्याआधीच बघून घ्याव्यात.

आंब्याला मार्चमध्ये घात करतो तो पहाट आणि दुपार यांच्या तापमानातला फरक. फळे धरलेल्या फांदीवर पुन्हा मोहोर येतो आणि आधीची फळे गळतात. पुनर्मोहोर टाळण्यासाठी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची शिफारस 50 पीपीएम जिबरेलिक आम्लाची आहे, म्हणजे 20 लिटर पाण्यात 1 ग्रॅम. फळे वाटाणा, गोटी आणि अंड्याएवढी असताना 1 टक्का पोटॅशियम नायट्रेटची फवारणी करावी, आणि झाडाला 15 दिवसांनी 150 ते 200 लिटर पाणी द्यावे. अंड्याएवढ्या फळांना कागदी पिशव्या घातल्या की उन्हाचा चटका आणि फळमाशी दोन्हींतून सुटका. तेही होत नसेल तर हेक्टरी चार रक्षक सापळे तरी टांगा.

पूर्वेकडे, पारोळ-सकवार भागात, कोरड्या उन्हात भेंडी-मिरचीवर कोळी आणि फुलकिडे वाढतात. वायव्येचा वारा कधी कधी सिंध-राजस्थानची धूळ इथवर आणतो. 23 जानेवारी 2022 ला मुंबईवर पसरलेला धुरकट पडदा अनेकांना आठवत असेल. पानांवर धूळ बसली की कोळ्यांचे फावते. सकाळी साध्या पाण्याचा फवारा मारला तर पहिले औषध वाचते. कापलेल्या गवताच्या उडव्यांभोवती जमीन साफ ठेवावी. राब भाजायचाच असेल तर दुपारचा वारा उठण्याआधी आग पूर्ण विझलेली हवी.

हिमालयात बर्फ पाडणाऱ्या पश्चिमी झंझावातांची शेपटी कधी उत्तर कोकणाला लागते. 2023 साली ऐन होळीत ठाणे-पालघरात पाऊस झाला. अशा दोन दिवसांच्या ढगाळ हवेत सर्वांत आधी मार खाते ती सुकेळी. सोललेली राजेळी केळी मांडवावर पसरून रोज उलटायची आणि रात्री दवापासून झाकायची. त्यात मध्येच हवा ओली झाली तर बुरशीचे काळे ठिपके दिसू लागतात आणि मग ती मातीमोलाने जातात. म्हणून घड पिकायला घालण्याआधी मंगळवारी आणि शुक्रवारी निघणारा कृषी हवामान सल्ला बघावा. ‘मेघदूत’ अॅपवर तो मराठीत मिळतो.

मे महिन्यावर जुन्या भरवशाने विसंबू नये. मुंबईत मान्सून यायची सरासरी तारीख 11 जून, पण 2025 साली तो 26 मे रोजीच दाखल झाला. त्याआधी 2021 च्या मे मध्यात तौक्ते वादळ किनाऱ्याने वर सरकले आणि वाड्यांतल्या केळी आडव्या झाल्या. घड लागलेल्या झाडांना एप्रिलअखेर बांबूचे टेकू द्यावेत, पश्चिमेच्या बांधावर शेवरी नसेल तर यंदा पावसात लावावी, नारळाच्या वाळल्या झावळ्या उतरवून घ्याव्यात. सुकेळीची शेवटची खेप 10 मेच्या आत मांडवावरून उतरेल असा हिशेब धरावा, आणि आंबा तयार दिसला की दराची वाट बघत झाडावर ठेवू नये.